हिरवी चिठ्ठी

विद्यार्थ्यांनो, धानाची कापणी तुम्ही पाहिली असेल. भंडारा जिल्ह्यात मोहाडीच्या आसपास दिवाळीच्या सुमारास शेतोशेती विळे चालू असतात. या विळ्याचे नाव असलेला एक आजारही याच भागात आढळतो. त्याला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याचे हातपाय, पाठ असह्य दुखू लागते. हा आजार आईवडिलांकडून जन्मतःच येतो. शिवल्याने तो पसरत नाही.

यावर हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध देतात. गंमत अशी, की हे औषध आधी रक्ताच्या कर्करोगासाठी वापरले जाई. तान्ह्या बाळाच्या रक्तात एका वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. बाळ मोठे होते तसे ते कमी होत जाते. या औषधाने ते पुन्हा वाढते, त्यामुळे पेशी सहजासहजी वाकड्या होत नाहीत. परंतु मात्रा जास्त झाली, तर हेच औषध रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटवते. म्हणून रोग्याचे वजन पाहून ते देतात आणि वरचेवर रक्त तपासतात.

औषध शरीरात काय करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, याचा अभ्यास म्हणजे औषधशास्त्र. त्यालाच फार्माकॉलॉजी म्हणतात.

तुमच्यापैकी कोणाला हे शिकावेसे वाटले, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला गणित किंवा जीवशास्त्र घ्यावे लागेल. मग सीईटी ही प्रवेश परीक्षा. मोहाडीहून भंडाऱ्यावरून नागपूर गाठता येते. तेथील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बी. फार्म.ची पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची असते. चौथ्या, पाचव्या व सहाव्या सत्रांत औषधशास्त्र येते. पूर्वी विद्यार्थी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत. आता असे बरेचसे प्रयोग संगणकाच्या पडद्यावरच पाहायला मिळतात. पुस्तके इंग्रजीत असतात, हे खरे. पण औषध घ्यायला आलेली म्हातारी आजी मात्र मराठीतच विचारते, “बाळा, ही गोळी जेवणाआधी की नंतर?”

सहावे सत्र संपले, की विद्यार्थ्याने चार आठवड्यांत किमान १५० तास औषधांच्या कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करावे, अशी अपेक्षा असते.

कारखान्यात शिरताना डोक्यावर टोपी, अंगात झगा आणि पायांत वेगळे जोडे घालावे लागतात. आत गेल्यावर यंत्रांकडेच डोळे लागतात. तुम्ही मात्र आधी कच्च्या मालाची पिंपे पाहा. प्रत्येक पिंपावर एक चिठ्ठी असते. पिवळी असेल, तर माल अजून तपासायचा आहे. लाल असेल, तर तो नापास झाला आहे. हिरवी चिठ्ठी लागल्याशिवाय पिंप उघडून वापरता येत नाही. तयार गोळ्यांचीही परीक्षा होते. सहा काचपात्रांत शरीराइतके, म्हणजे ३७ अंश उष्ण पाणी किंवा दुसरे द्रावण घेऊन त्यांत एकेक गोळी सोडतात आणि ती किती वेळात किती विरघळते ते मोजतात. प्रत्येक आकडा वहीत लिहायचा. चुकला, तर खोडरबर चालत नाही. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख!

इतकी कटकट कशासाठी, असे नव्या विद्यार्थ्याला वाटते. मलाही ती पहिल्यांदा कटकटच वाटली होती.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रोग्यांना ग्लिसरिन पाजण्यात आले. ते औषध म्हणूनच दिले होते. पण त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी रसायन मिसळलेले होते. दोन्ही द्रव बिनरंगी, दोन्ही दाट, दोन्ही चवीला गोड. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. रोग्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात पुन्हा हेच रसायन सापडले. या वेळी लहान मुले गेली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी नागपुरात आणले होते.

आज घरी गेल्यावर औषधाची एखादी पट्टी हातात घ्या. तिच्यावर बारीक अक्षरांत बॅच नंबर छापलेला असतो. दुकानदाराने दोनच गोळ्या कापून दिल्या असतील, तर तो बहुधा दुकानातच राहिला असेल. त्या नंबरावरून कारखान्यातली वही उघडता येते. कोणत्या पिंपातला माल होता, तो कोणी तपासला आणि हिरव्या चिठ्ठीवर कोणाची सही आहे, ते तिथे लिहिलेले असते.