अपलोड करायच्या आधी थोडं बोलू

तू डेबियनसाठी फाइल सर्व्हर पॅकेज करायला घेतलास हे वाचून मला फार आनंद झाला गं. पाठोपाठ थोडी काळजीही वाटली. बिल्ड नीट होतंय, टेस्ट पास होतायत, डॉक्युमेंटेशन तेवढं राहिलंय, ते सावकाश बघू, असं तू लिहिलंयस. ते सावकाश बघायचं काम नाहीये. म्हणून आज मोकळेपणी बोलते. पटलं नाही तर वाद घाल, पण अपलोडच्या आधी एकदा ऐकून घे.

एखादा टेक्स्ट एडिटर पॅकेज करणं वेगळं. तो बिघडला तर बसवणाऱ्याचंच काम अडतं. फाइल सर्व्हर बसवला की ते मशीन नेटवर्कवरच्या बाकीच्या मशीनशी बोलायला लागतं, 445 नंबरच्या पोर्टवर कान देऊन बसतं. त्यातून डेबियनची रीत अशी, की सर्व्हर बसवला की तो आपोआप सुरूही होतो. फेडोरामध्ये तो माणसाला स्वतः सुरू करावा लागतो. म्हणजे डेबियनमध्ये वापरणाऱ्यानं एक ओळ वाचायच्या आधी तू ठरवलेले डिफॉल्ट त्याच्या नेटवर्कवर लागू झालेले असतात. कोण आत येऊ शकतं, कोण फक्त वाचू शकतं, पाहुणा म्हणून कुणाला घ्यायचं, हे सगळं त्याच्या वतीनं तू ठरवलंस. मग काय ठरवलंस आणि का, हे त्याला सांगायला नको?

तुला सांबा या जुन्या फाइल सर्व्हरचंच उदाहरण देते, कारण तुझ्या पॅकेजला जे शिकायचंय ते सगळं तिथं आधीच शिकून झालंय. 1991च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरातल्या एका विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल पीएचडी करत होता. त्याला आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फाइली वापरायच्या होत्या. दोन्ही मशीन कुठल्या भाषेत बोलतात याचं पुरेसं वर्णन हाताशी नव्हतं. मग त्यानं तारेवरून जाणारी पॅकेटं पाहून पाहून तो प्रोटोकॉल (एसएमबी) ओळखला आणि सर्व्हर लिहिला. पुढं कितीतरी वर्षं सांबाची मंडळी असंच काम करत होती. एक चाचणी पाठवायची, विंडोज काय उत्तर देतं ते पाहायचं, आणि त्यावरून कोड लिहायचा. युरोपियन कमिशननं 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, सप्टेंबर 2007 मध्ये न्यायालयानं तो उचलून धरला, आणि त्या डिसेंबरमध्ये करार होऊन, 10,000 युरोची एकरकमी फी भरून, सांबाच्या हाती प्रोटोकॉलची अधिकृत कागदपत्रं आली. डिसेंबर 2012 मध्ये सांबा 4.0 आला. तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणून उभा राहू शकला, त्यात या कागदपत्रांचा मोठा वाटा होता.

मला या इतिहासाबद्दल फार आत्मीयता आहे. जे लिहून ठेवलेलं नव्हतं ते शोधण्यात या माणसांची उमेदीची वर्षं गेली. त्यांचं सॉफ्टवेअर आपण पुढं पोचवायचं आणि आपण केलेले बदल मात्र न लिहिता सोडायचे, हे मला मनापासून चूक वाटतं.

आता कामाचं. एखाद्या डेबियन मशीनवर सांबा बसव आणि त्याची एसएमबी डॉट कॉन्फ ही फाइल उघडून शांतपणे वाच. मुळात सांबाला शेकडो पॅरामीटर आहेत. ते सगळे या फाइलीत कोंबलेले नाहीत, बदलावेसे वाटतील असे मोजके आहेत. आणि त्यांतही एक खुबी आहे. काही ओळी हॅशनं बंद केलेल्या दिसतील, काही अर्धविरामानं. सर्व्हरला दोन्ही सारख्याच, दोन्ही तो वगळतो. पण फाइलीच्या सुरुवातीलाच सांगितलंय की हॅशच्या ओळीत सांबाचं मूळचंच वर्तन लिहिलेलं असतं, फक्त ते लक्षात असावं इतकं महत्त्वाचं असतं, आणि अर्धविरामाच्या ओळीत त्याहून वेगळी सूचना असते. म्हणजे ओळ उघडल्यावर काही बदलणार आहे की नाही, हे नुसत्या खुणेवरून कळतं. असं काहीतरी तुझ्या कॉन्फिग फाइलीत हवं. सगळ्यांची मॅन्युअल पानं वाचून होत नाहीत गं. पण कॉन्फिग फाइल उघडतोच उघडतो प्रत्येक जण, कारण त्याला काहीतरी बदलायचं असतं. त्याच्या नजरेसमोर हमखास येणारी तीच एक जागा आहे.

त्याच फाइलीत होम डिरेक्टरीचा भाग बघ. डेबियननं तिथं केवळ वाचायची मुभा ठेवलीय. लिहिता यायला हवं असेल तर कुठला पॅरामीटर ‘नो’ करायचा, हे लगेच वरच्या ओळीत आहे. नव्या फाइली 0700 या परवानगीनं बनतात, म्हणजे ज्याची फाइल त्यालाच दिसते. गटाला लिहू द्यायचं तर काय आकडा द्यायचा, तेही शेजारीच. कडक डिफॉल्ट ठेवायचं आणि ते सैल कसं करायचं हे तिथंच सांगायचं, ही जोडी तोडू नकोस. नुसतं कडक ठेवून गप्प बसलीस तर वैतागलेला माणूस इंटरनेटवर शोधतो, आणि तिथं त्याला कुणीतरी सगळ्यांना सगळं खुलं करणारी 777 ची परवानगी द्यायला सांगतो. तुझ्या मौनाची जागा तो वाईट सल्ला घेतो. हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरी एक गोष्ट अशीच, सगळ्यांना अडवणारी. लिनक्सवर खातं आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी शेअरमध्ये शिरता येत नाही. कारण सांबाचा पासवर्डांचा साठा स्वतंत्र असतो. विंडोजच्या पद्धतीत पासवर्डचा जो हॅश लागतो, तो लिनक्सनं जपलेल्या हॅशवरून काढता येत नाही, म्हणून तोच पासवर्ड सांबाला वेगळा द्यावा लागतो. एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडनं एका ओळीत होतं ते. कमांड सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘का’ सांगणारे कमी. तू ‘का’ लिही. कारण कळलं की माणूस पुढची तशीच अडचण आपली आपण सोडवतो, आणि तुझ्याकडे बग घेऊन येत नाही.

मग कुठं काय लिहायचं? रीडमी आणि रीडमी डॉट डेबियन यांत गल्लत करू नकोस. पहिला मूळ लेखकांचा. दुसरा तुझा, आणि त्यात फक्त डेबियनमध्ये वेगळं काय आहे तेवढंच. भाडेकरूला किल्ल्या देताना आपण घराचा इतिहास सांगत नाही, कुठला नळ घट्ट आहे आणि मेन स्विच कुठं आहे ते सांगतो, तितकंच. कुठल्या फाइलींच्या वाटा बदलल्या, कुठलं फीचर बंद करून बांधलं, पॅकेज पूर्ण काढून टाकलं तर कुठला डेटा जातो आणि कुठला राहतो. हे शेवटचं विसरू नकोस बाई. लोकांनी शेअर केलेल्या फोल्डरला पॅकेजनं कधी हात लावायचा नाही, आणि लावणार नाही हे लिहूनही ठेवायचं. कॉन्फिगमध्ये माणसानं स्वतः केलेले बदल अपग्रेडमध्ये पुसायचे नाहीत, हा तर डेबियनच्या पॉलिसीतलाच नियम आहे.

न्यूज डॉट डेबियन ही फाइल निराळी. चेंजलॉगमध्ये सगळं येतं, न्यूजमध्ये फक्त वापरणाऱ्याचं काही मोडणार असेल ते. ॲप्ट-लिस्टचेंजेस बसवलेलं असेल तर ते अपग्रेडच्या वेळीच समोर येतं. एक उदाहरण सांगते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं ते विंडोजच्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषावरून. ही जुनी आवृत्ती बंद व्हायलाच हवी होती, आणि सप्टेंबर 2019 मध्ये सांबा 4.11 नं ती डिफॉल्टनं बंद केली. निर्णय अगदी योग्य. पण डेबियन 10 मध्ये सांबा 4.9 होता आणि ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या डेबियन 11 मध्ये 4.13. म्हणजे स्टेबल वापरणाऱ्याला हा बदल दोन वर्षांनी, एका रात्रीत, एका अपग्रेडमध्ये भेटला. एखाद्या सीएच्या ऑफिसात जुनं स्कॅनर-कॉपियर मशीन असतं, ते स्कॅन केलेली पानं शेअरमध्ये टाकतं आणि त्याला फक्त जुनी आवृत्ती येते. सकाळी स्कॅन जाईनासं होतं. तिथल्या माणसानं वर्षभरात सांबाला हातही लावलेला नसतो, त्याला कसं कळावं? अशा माणसासाठी न्यूजमध्ये तीन ओळी लिहायच्या असतात. काय बदललं, कुणाला त्रास होईल, आणि नाइलाज असेल तर जुनं कसं चालू करायचं व त्यात धोका काय. धोका सांगायला कचरू नकोस. उपाय आणि त्याची किंमत एकाच परिच्छेदात असली पाहिजे.

किमतीवरून आठवलं. त्याच मे महिन्यात सांबातही मोठा दोष जाहीर झाला, सीव्हीई-2017-7494. लिहिता येणाऱ्या शेअरमध्ये लायब्ररी ठेवून ती सर्व्हरला चालवायला लावता येत होती, आणि 3.5.0 पासूनच्या साऱ्या आवृत्त्यांत ते होतं, म्हणजे सात वर्षं. तात्पुरता उपाय कॉन्फिगमधल्या एका ओळीचा होता. पण त्या ओळीनं विंडोज क्लायंटच्या काही सोयी बंद पडू शकतात, हे सांबाच्या सूचनेतच स्पष्ट लिहिलेलं होतं. मला ती सूचना फार आवडते. घाईतही त्यांनी पूर्ण सांगितलं.

त्याच वेळी स्टेबल डेबियनचा प्रश्न वेगळा होता. मूळ दुरुस्ती 4.6.4, 4.5.10 आणि 4.4.14 मध्ये आली. डेबियन 8 मध्ये मात्र 4.2 होता आणि दुरुस्ती त्यातच मागं आणून बसवली. बाहेरून आकडा पाहणाऱ्याला वाटणार, हे जुनं आहे, हे असुरक्षित आहे. आकड्यावरून तपासणारी स्कॅनिंगची साधनं तसंच ओरडतात. खरं काय ते चेंजलॉगमधल्या एका ओळीवरून कळतं, तिथं सीव्हीईचा नंबर लिहिला असेल तर. ‘सुरक्षाविषयक दुरुस्त्या’ असं मोघम लिहिलंस तर ऑडिटरपुढं बसलेल्या त्या बिचाऱ्या ॲडमिनच्या हातात काही उरत नाही.

लायसन्सची फाइल कंटाळवाणी वाटेल, पण तुझं पॅकेज न्यू क्यूमध्ये, म्हणजे नव्या पॅकेजांच्या रांगेत, थांबेल तेव्हा एफटीपी टीम सगळ्यात बारकाईनं तीच बघते. प्रत्येक फाइलीचे हक्क कुणाचे, अटी काय. आणि कागदपत्रंही यातून सुटत नाहीत बरं का. सांबाच्या डेबियन आवृत्तीत ‘डीएफएसजी’ अशी शेपटी दिसते, त्याचा अर्थ मूळ सोर्समधून काहीतरी काढलंय. काढलेल्यांत आरएफसीचे मजकूर होते. ते वाचायला सगळ्यांना खुले, पण बदलून वाटायची मोकळीक देत नाहीत, म्हणून डेबियनच्या व्याख्येत ते मुक्त नाहीत. तुझ्या सर्व्हरच्या डॉक्स फोल्डरमध्ये असं काही आहे का, ते आजच बघ. असेल तर काढ, आणि काय काढलं ते रीडमी डॉट सोर्समध्ये नोंदव.

एक गोष्ट जमली तर कर, मूळ लेखकांनाही सुचव. सांबामध्ये प्रत्येक पॅरामीटरची स्वतंत्र एक्सएमएल फाइल आहे. तिच्यातून मॅन्युअलचं पान तर बनतंच, शिवाय सर्व्हरच्या कोडचा काही भागही त्यातूनच तयार होतो. आणि टेस्ट आहेत: पॅरामीटर कोडमध्ये आहे पण माहितीत नाही, किंवा लिहिलेलं डिफॉल्ट आणि प्रत्यक्ष डिफॉल्ट जुळत नाही, तर टेस्ट फेल. माणसाच्या सद्भावनेवर काही सोडलेलं नाही. तुझ्या छोट्या सर्व्हरला एवढं नको, पण मॅन्युअलमधलं उदाहरण जसंच्या तसं चालवून बघणारी एक ऑटोपीकेजी-टेस्ट लिही. शेअर बनवायचा, फाइल ठेवायची, क्लायंटनं ती वाचून परत आणायची. उदाहरण शिळं झालं की तुला आधी कळेल.

आणि जे नाही तेही लिहायचं. लिनक्स कर्नलमध्ये 2021 साली 5.15 बरोबर केएसएमबीडी हा एसएमबी सर्व्हर आला. त्याच्या कर्नलमधल्या पानावर एक तक्ता आहे, कुठलं फीचर चालतं, कुठलं अर्धवट, कुठलं पुढं कधीतरी. एसएमबीची पहिली आवृत्ती मुद्दाम वगळलीय, तीही सुरक्षेसाठी, असं स्वच्छ म्हटलंय. असा तक्ता वाचून एखादा म्हणेल, मग मला सांबाच बरा. म्हणू दे की! त्याचे दोन दिवस वाचले. तुझ्या पॅकेजच्या वर्णनातही हे स्पष्ट असू दे: प्रिंटर शेअर होत नाहीत, डोमेन कंट्रोलर होत नाही, आणि सांबाबरोबर एकाच मशीनवर चालवायचा तर दोघांना एकच पोर्ट मिळणार नाही.

लिहायला बसशील तेव्हा इंग्रजीचं फार दडपण घेऊ नकोस. लहान वाक्यं लिही. डेबियनच्या इंग्रजी मजकुराच्या यादीवर मसुदा टाकलास तर तिथली माणसं आपुलकीनं सुधारून देतात. आधी मराठीत कच्चं लिहून पाहिलंस तरी चालेल, मी स्वतः तसंच करते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहेच. तुझं पॅकेज बसवताना डेबकॉन्फचा एखादा प्रश्न विचारणार असेल, तर त्याचाही मराठी अनुवाद पो फाइलीतून देता येतो. पण आधी विचार कर, तो प्रश्न खरंच विचारायला हवा का. चांगलं डिफॉल्ट असेल तर नकोच.

या आठवड्यात एवढं कर: कॉन्फिग फाइलीच्या टिपा, रीडमी डॉट डेबियन, आणि कॉपीराइट फाइल. न्यूजला अजून अवकाश आहे, पहिल्याच आवृत्तीत कुणाचं काय मोडणार! तिन्ही झाल्या की अपलोडच्या आधी मला पाठव. रविवारी दुपारी मी रिकामी आहे, एका नव्या व्हर्च्युअल मशीनवर तुझं पॅकेज बसवते आणि फक्त तू लिहिलेलं वाचून शेअर उघडता येतो का बघते. मध्ये तुला फोन करणार नाही.