आठ सीटची गाडी, आठ आठवड्यांचा सीझन

व्हिडिओत सीझनल धंद्याचं गणित पाहिलं. आता एक उदाहरण घेऊ: नेदरलँड्समधली, छोट्या ग्रुपची ट्यूलिप टूर.

लिसे गावची क्युकेनहॉफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, साधारण ८ आठवडेच उघडी असते. तिथे मोठ्या बसही येतात. छोटा टूरवाला मग वेगळं काय विकतो? आजूबाजूची शेतं!

पण तिथला शेतकरी मुख्यतः फूल नाही, कंद विकतो. कंद पोसावा म्हणून फुलं उमलल्यावर काही दिवसांतच तो ती यंत्राने खुडून टाकतो. काल लाल दिसलेलं शेत आज नुसतं हिरवं! म्हणून चांगला गाइड कुठलं शेत फुललंय याची रोज चौकशी करतो आणि परवानगीशिवाय शेतात पाय ठेवू देत नाही. रोपं तुडवली की नुकसान शेतकऱ्याचं.

आता हिशोब. समजा गाडी, इंधन, गाइड धरून दिवसाचा खर्च ४८० युरो आणि तिकीट ८० युरो. सहा सीट भरल्या तर हातात शून्य. नफा फक्त शेवटच्या दोन सीटचा, १६० युरो. ऐनवेळी दोघांनी कॅन्सल केलं आणि पैसे परत दिले, की दिवस फुकट.

यातून तीन गोष्टी घ्या:

१. बुकिंगलाच अॅडव्हान्स घ्या, कॅन्सलेशनचा नियम आधीच सांगा.
२. "ट्यूलिप दिसणारच" असं वचन देऊ नका. "त्या दिवशी जे फुललंय ते दाखवू" म्हणा.
३. ज्याच्या शेतावर आपला धंदा उभा आहे, त्याला सांभाळा.

आज वहीत लिहा: तुमच्या धंद्यात नफा कितव्या गिऱ्हाइकापासून सुरू होतो?