कडू वेगळं, तुरट वेगळं : आयपीए चाखायची तयारी

आपल्या भाषेत कडू आणि तुरट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या बीअरचा, पहिला घोट घेताना त्याचा मोठा आधार होतो. कारलं कडू, कच्चं केळं तुरट. हॉपच्या फुलांचा कडूपणा आयपीएत हवाच. तो स्वच्छ असतो आणि हळूहळू ओसरतो. जीभ कोरडी पडून आत ओढल्यासारखी झाली, तर ते तुरट. तसं झालं की माल्टच्या टरफलांचा अंश जास्त उतरला असावा, अशी शंका घ्या.

कॅनवर पाइन, ग्रेपफ्रूट असे शब्द असतात. ज्या फळाचा वास आपण कधी घेतलाच नाही, ते ग्लासात शोधण्यात अर्थ नाही. म्हणून आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसा. पाच वाट्या घ्या : श्रीगोंद्याच्या लिंबाची किसलेली साल, मोसंबीची साल, नुकतेच कुटलेले धणे, चुरगळलेली गवती चहाची पात, आणि हंगाम असेल तर कैरीची फोड. वाट्या पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. मग डोळे मिटून एकेकीचा वास घ्या आणि घरातल्या कुणाला तरी वाट्यांची जागा बदलायला सांगा. धणे आणि लिंबाची साल यांत पहिल्या दिवशी मीही गोंधळलो होतो.

या वाट्या काही वरवरच्या साम्यावरून निवडलेल्या नाहीत. धण्याच्या सुवासातला मुख्य घटक लिनालूल; तोच हॉपमध्येही असतो. हॉपच्या तेलातलं मर्सीन गवती चहात आणि आंब्यातही सापडतं. तेव्हा वहीत ‘धणे’ लिहिलंत, तर ते अगदी नेमकं वर्णन ठरतं.

आता खरेदी. नगरहून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही ब्रूअरी सुरू झाली तेव्हापासून तिथे ताजी क्राफ्ट बीअर मिळते. (हा इंग्रजी शब्द आपल्या शेजारच्या देवळालीवरून आला, तिथल्या लष्करी छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांची ही बोली.) कॅन घेताना सर्वांत आधी भरल्याची तारीख बघा. हॉप उकळला की त्यातली आम्लं बदलतात आणि कडूपणा येतो. तो बराच टिकतो. सुवासासाठी मात्र हॉप उकळीच्या शेवटी किंवा थंड बीअरमध्ये घालतात, आणि तो सुवास सर्वांत आधी उडतो. तीन महिन्यांहून जुना कॅन मी घेत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तो तसाच ठेवून आणला, तर नगरला पोचेपर्यंत अर्धं काम बिघडलेलं असतं. बर्फाची पेटी न्याच. मद्यसेवनाचा परवाना आणि वयाची अट दोन्ही पाळा, आणि पुण्यातच चाखणार असाल तर परतीला गाडी न प्यायलेल्याच्या हाती द्या.

नावातलं ‘इंडिया’ कुठून आलं? लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातली पेल एल जहाजांनी मुंबई-कलकत्त्याला यायची. वाटेत ती टिकावी म्हणून हॉप भरपूर घालत. 1803 च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला, तो हाच काळ. पण ही बीअर मुख्यतः साहेबलोकांची. बराकीतला शिपाई बहुधा काळी पोर्टर प्यायचा.

ग्लास काचेचा, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. दुधाचा किंवा तुपाचा ओशटपणा राहिला तर फेस बसतो, म्हणून गरम पाण्याने धुऊन उपडा वाळवा. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात पाच पुरे. सात ते दहा अंशांवर सुवास खुलतो, बर्फगार असेल तर फक्त कडू लागतं. अर्धाच ग्लास भरा. आधी लहान लहान हुंगा, मग घोट घेऊन तोंडात फिरवा, गिळा, आणि ओठ मिटून नाकाने श्वास सोडा. खरी ओळख या उच्छ्वासात होते. वाइनसारखी थुंकून चालत नाही, कडूपणाचा शेवट गिळल्यावरच कळतो.

माझ्या वहीतली एक नोंद : ‘वास पपनसाच्या सालीचा, मागे धणे. सुरुवातीला भाजल्या पावासारखा गोडवा, मग मेथीच्या दाण्याचा कडूपणा. तुरट नाही.’ ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बीअर शिळी. लोण्यासारखा आला तर आंबवण पूर्ण झालेलं नाही.

सोबत ठेचा ठेवू नका. मद्य आणि कडूपणा मिरचीची आग वाढवतात. बाजरीची भाकरी आणि लोणी, किंवा खारे शेंगदाणे बरे. थंडीत मात्र कोवळा हुरडा, चटणीशिवाय. त्याचा दुधाळ गोडवा हॉपच्या कडूपणाला असा धरतो की मी वर्षभर त्या पंधरवड्याची वाट पाहतो.

ग्लासात उरलेली बीअर पंधरा मिनिटांनी, थोडी कोमट झाल्यावर पुन्हा चाखा आणि पहिल्या नोंदीखाली दुसरी लिहा.