तोडचिठ्ठी, काटा आणि गव्हाण : उत्पादन व्यवस्थापनाचा पहिला धडा

— ऊस विकास अधिकारी



गेल्या उन्हाळ्यात केडगावला आमच्या घरी पुतण्या परीक्षेचा अभ्यास करीत बसला होता. तो नगरच्या कॉलेजात बी.बी.ए. शिकतो. विषय होता ‘उत्पादन व कार्य व्यवस्थापन’. मी सहज म्हणून त्याची वही चाळली. मी शेतकीची पदविका घेतलेला माणूस. मॅनेजमेंट हे टाय बांधणाऱ्यांचं काम, अशी माझी समजूत होती. पण पहिल्या दहा-पंधरा पानांतच क्षमता, रांग, साठा, वेळापत्रक असे शब्द भेटले, आणि म्हटलं, अरे, हा तर आपल्या नंबर यार्डाचा विषय ! वीस वर्षं आपण हेच करीत आलो, फक्त त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं.

दरवर्षी जानेवारीत गट ऑफिसात एकच प्रश्न शंभर तोंडांनी येतो. “साहेब, माझ्या उसाला तोड कधी ?” त्याचं उत्तर या विषयात बरंचसं सापडतं. म्हणून त्या वहीतलं आपल्या कामाचं तेवढं येथे आपल्या भाषेत मांडतो.

कारखाना दोन तऱ्हेचा

आम्हा केडगावकरांना कारखाना म्हटलं की आधी दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा आठवतो. १९७२ साली लुना बाजारात आली आणि नगरचं नाव देशभर झालं. तिथल्या चौकाला अजून कायनेटिक चौकच म्हणतात. अशा कारखान्याचं काम जोडणीचं. शेकडो सुटे भाग आत येतात आणि एक गाडी बाहेर पडते. या पद्धतीचा मोठा धडा १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात घालून दिला. मोटारीचा सांगाडा एका जागी ठेवून माणसं त्याच्याभोवती फिरायची, तेव्हा जोडणीला साडेबारा तास लागत. सांगाडाच सरकता केला, माणूस जागेवर उभा राहिला आणि काम त्याच्याकडे चालत आलं. वेळ आला सुमारे दीड तासावर.

आपली गव्हाण तरी दुसरं काय करते ? मोळी पडली की ती पुढे सरकत कटर, फायबरायझर, मिल अशी चालत जाते. पण आपलं काम जोडणीच्या उलट आहे. एक ऊस आत जातो आणि साखर, बगॅस, मळी, प्रेसमड असे चार पदार्थ बाहेर निघतात. दुसरा फरक याहून मोठा आहे. लुनाचं चाक गोदामात महिनाभर पडून राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही. ऊस मात्र कोयता बसल्या क्षणापासून बिघडू लागतो. कांडीतली साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्याचा दाणा बनत नाही, ते मळीत जातं. कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात, ते डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात आणि पॅनवाल्याची रात्र खराब करतात. शिवाय पाणी उडून वजन घटतं ते वेगळंच. ऊन वाढलं की हे सगळं जोरात चालतं, जळीत उसात तर फारच. म्हणून तोडीपासून २४ तासांच्या आत गाळप, हा नियम.

याचा पैशाशी काय संबंध, तेही पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर वाढणाऱ्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. ०.१ टक्का म्हणजे टनामागे अवघी एक किलो साखर. चार लाख टन गाळपावर ही एक किलो म्हणजे १ कोटी ३८ लाख ४० हजार रुपये. एवढी रक्कम यार्डात उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांतून पाझरून जाऊ शकते, आणि कुणाच्या डोळ्यांना ती दिसतही नाही.

अडतं कुठं ?

समजा, कारखाना दिवसाला २,४०० टन गाळतो. म्हणजे तासाला १०० टन. आता टोळी, गाडी, काटा, उतरणी, गव्हाण, मिल, रसाची शुद्धी, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्यूगल, गोदाम अशी साखळी मनात धरा. या साखळीचा वेग तिच्यातल्या सर्वांत मंद कडीइतका. मिल १२० टनांची बसवली आणि इव्हॅपोरेटर १०० टनांच्याच रसाचा असला तर साखर १०० टनांचीच निघेल. अडणाऱ्या जागी एक तास वाया गेला तर तो साऱ्या कारखान्याचा तास गेला. जिथं अडत नाही तिथं तास वाचवला तर पुढच्या रांगेत फक्त भर पडते.

बोलायला हे सोपं आहे, पण अडणारी जागा डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही. आपल्याकडे बरेच सभासद म्हणतात, काटा अपुरा आहे, आणखी एक बसवा. रांग काट्यापुढे दिसते म्हटल्यावर माणसाला तसं वाटणारच. मलाही वाटत होतं. पुतण्याच्या सांगण्यावरून मी एके संध्याकाळी घड्याळ घेऊन काट्याशेजारी बसलो. एका वाहनाला सरासरी दोन मिनिटं लागली, म्हणजे तासाला तीस वाहनं. त्यांत वीस बैलगाड्या सव्वादोन टनांच्या आणि दहा ट्रॅक्टर पंधरा टनांचे धरले तरी १९५ टन होतात. काटा मिलच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वजन करू शकतो. मग रांग का ? कारण पुढे उतरायला जागाच नव्हती. काटा मोकळा असूनही काटेवाल्याला थांबावं लागत होतं. आणखी एक काटा बसवला असता तर तीच रांग दोन ओळींत उभी राहिली असती.

बेरीज बरोबर, तरी दहा तास

वहीतलं रांगेचं प्रकरण मला सर्वांत आवडलं. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. थांबलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. आपल्या हिशेबात सांगायचं तर यार्डात १,५०० टन उभे असतील आणि मिल तासाला १०० टन घेत असेल, तर शेवटच्या गाडीला पंधरा तास. त्यात चेअरमनसाहेबांनी किंवा मी काहीही सांगितलं तरी फरक पडत नाही. एकाला पुढे काढला तर दुसरा तेवढाच मागे जातो.

आता खरी गंमत पहा. समजा, तोडीचा कार्यक्रम अगदी काटेकोर आखला, दिवसाला बरोबर २,४०० टन. पण टोळी पहाटे तोडायला लागते, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरते आणि दिवेलागणीला यार्डात पोचते. त्यामुळे दुपारी चार ते रात्री बारा या आठ तासांत १,८०० टन येतात. तेवढ्या वेळात गाळप होतं ८०० टन. मध्यरात्री १,००० टन उभे. बाराला आलेल्या गाडीचा नंबर सकाळी दहाला लागणार. पुढल्या सोळा तासांत ६०० टन येतात, १,६०० गाळले जातात आणि दुपारी चारला यार्ड साफ होतो. दिवसाची बेरीज तंतोतंत जमली, तरी माणूस दहा तास थंडीत बसला. बैल बसले, गाडीखाली पोरंही झोपली. हा वेळ कारखान्याच्या कुठल्याच खात्यावर पडत नाही. आष्टी-पाथर्डीकडून आलेल्या त्या जोडप्याच्या खात्यावर पडतो, आणि ते पहाटे पुन्हा फडात हजर असतं.

त्यात मिल तीन तास बंद पडली तर ३०० टन शिल्लक दुसऱ्या दिवसावर चढते. दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम २,४०० टनांचाच असेल तर ती शिल्लक उतरायला फटच नसते. म्हणून कार्यक्रम क्षमतेच्या काठोकाठ आखू नये, थोडा सैल ठेवावा, असं माझं मत आहे. आमच्या खात्यात सगळ्यांनाच ते पटतं असं नाही. ‘नो केन’ची भीती असते, आणि ती खोटी नाही. ऊस नाही म्हणून गव्हाण रिकामी फिरली की बॉयलरचं बगॅस तुटतं, वाफ पडते, पाइपांतला रस आंबतो. म्हणजे यार्डात साठा हवाच. प्रश्न एवढाच, किती तासांचा ? रात्री टोळ्या तोडत नाहीत तेवढी रात्र भागेल इतका. त्यापुढचा प्रत्येक टन वाळत असतो. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या खेपा मध्यरात्रीनंतर व सकाळी, बैलगाड्या संध्याकाळी, अशी विभागणी झाली तर वरच्या उदाहरणातले दहा तास निम्म्यावर यायला हरकत नाही.

१६७ दिवसांचा हिशेब

एका दिवसाचं झालं, आता हंगामाचं. ५,००० हेक्टर नोंद, हेक्टरी सरासरी ८० टन, म्हणजे चार लाख टन. रोज २,४०० टनांनी सुमारे १६७ दिवस. १ नोव्हेंबरला मोळी पडली तर एप्रिलचा मध्य येतो. कुणीतरी पहिला असणार आणि कुणीतरी शेवटचा.

लोणीचा प्रवरा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५०० टन होती. तासाला एकवीस टन, म्हणजे नऊ-दहा बैलगाड्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या काळात एवढ्या गाळपाचे फड शेतकी खात्याच्या माणसाच्या तोंडपाठ राहू शकत. आज ते शक्य नाही. आज आमच्या हातात तुमची लागण नोंद असते, तेवढीच. आडसाली १६ ते १८ महिने, पूर्वहंगामी १४-१५, सुरू आणि खोडवा बारा महिन्यांच्या आसपास. त्यात जात लवकर पक्व होणारी की उशिरा. आणि शेवटी हात रिफ्रॅक्टोमीटरचं ब्रिक्स. यावर क्रम लागतो. एप्रिलमध्ये तोड मिळणाऱ्याचं नुकसान होतं हे खरं आहे. वजन घटतं, खोडव्याला उशीर होतो, टोळ्या गावाकडे निघायच्या घाईत असतात. त्याला फक्त “क्रमानं आलं” एवढं सांगून चालणार नाही. काही कारखाने उशिराच्या उसाला टनामागे जादा रक्कम देतात. माझ्या मते ते दान नाही. बाकीच्यांसाठी तो माणूस थांबला, त्याची ती भरपाई आहे.

क्रम मोडला तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात गटावर नवा होतो. जानेवारी अखेरीस एक वजनदार सभासद आले. घरात लग्न होतं. ऊस पाच एकर, सुरूचा, अकरा महिनेही पुरते झाले नव्हते. वरच्या कांडीचं ब्रिक्स सोळाच्या पुढे जात नव्हतं. मी दोन टोळ्या तिकडे वळवल्या. सात दिवस म्हणालो होतो. मग शेजारच्याने हट्ट धरला, “त्यांचा जातो, मग माझा का नाही ?” त्यांचाही नेला. त्या टोळ्या जिथं जायच्या होत्या तिथं एका म्हाताऱ्या आबांचा आडसाली उभा होता, अठरा महिन्यांचा, तुरा आलेला. तो पाच आठवडे थांबला. तोडला तेव्हा कांडी आतून पोकळ, दशी पडलेली. आबा ऑफिसात आले, पावती घेतली, वजन वाचलं, घडी करून खिशात ठेवली आणि “बरं हाये साहेब” म्हणून गेले. पुढल्या वर्षी त्यांचा सगळा ऊस गुऱ्हाळाला गेला. मी भेटायला गेलो तर चहा दिला, उसाचा विषय काढला नाही.

पुतण्याच्या वहीत याला ‘कार्यक्रम-भंगाची किंमत’ असं काहीसं नाव आहे, आणि खाली एक सूत्र. सूत्र बरोबर असेल.

एवढ्यावर काही जण म्हणतील, क्रम तुम्ही पाळा, आम्हांला काय सांगता ? सांगायचं ते असं की क्रमाचं मूळ तुमच्या नोंदीत आहे. समजा, ५०० हेक्टर ऊस नोंदीबाहेर राहिला आणि हंगामात पुढे आला. म्हणजे ४०,००० टन, सुमारे सतरा दिवस. एप्रिलच्या मध्याचा शेवटचा सभासद मेमध्ये गेला. लागणीची तारीख महिनाभर आधीची सांगणं हाही त्यातलाच प्रकार आहे. चिठ्ठी लवकर मिळते, पण कच्चा ऊस गव्हाणीत पडतो आणि उताऱ्याची ती एक किलो सगळ्यांची जाते.

चालू लागणीची नोंद गट ऑफिसात सुरू आहे. पावतीवर लागणीची तारीख, जात, गट नंबर व क्षेत्र नीट वाचून घ्यावे. को ८६०३२ आणि फुले २६५ यांची अदलाबदल मागच्या नोंदीत बऱ्याच ठिकाणी आढळली आहे. चूक दिसल्यास सातबारा उतारा घेऊन यावे, दुरुस्ती त्याच दिवशी करून मिळेल.