पणजोबांची चहादाणी मोडीत घालू का?

प्रश्न : पणजोबा जीआयपी रेल्वेत होते. साहेबाने निरोपाला दिलेली चांदीची चहादाणी घरात आहे. काळी पडली आहे, अंगभर हातोडीच्या खुणा, शिक्का नाही. मुठीत दोन पांढऱ्या चकत्या आहेत. सराफ म्हणतो, हलकी चांदी आहे, मोडा. काय करू?
– एक वाचक, पळसदरी

उत्तर : घाई करू नका. काळेपणा म्हणजे खोट नव्हे; हवेतल्या गंधकाने चोख चांदीही काळवंडते. इंग्रजी अमदानीत इथल्या चांदीवर शिक्क्याची सक्ती नव्हती. तळाला ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं दिसली, तर मात्र ते चांदीचं पाणी दिलेलं भांडं.

खुणांचं म्हणाल, तर यंत्राच्या गुळगुळीतपणाला विटलेले ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचे कारागीर त्या मुद्दाम ठेवत. ते वारं मुंबईतही होतं. लॉकवुड किपलिंग १८६५ साली जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले, १८९१मध्ये तिथे रे कार्यशाळा निघाल्या. तुमची चहादाणी तिथलीच, असं मी फोटोवरूनही सांगणार नाही!

एक्सआरएफ यंत्रावर ओरखडा न काढता कस कळतो, तो आधी पाहा. पांढऱ्या चकत्या बहुधा हस्तिदंती. मूठ तापू नये म्हणून बसवत. त्या गरम पाण्यात बुडवू नका. हस्तिदंताच्या विक्रीला बंदी आहे, तेव्हा विकायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. वस्तू शंभरी ओलांडलेली असेल, तर परदेशी धाडता येणार नाही.

चिंच, राख, पॉलिशचं चाक नकोच. मऊ फडक्याने पुसा, खाचांतला काळेपणा राहू द्या. तुमच्याकडच्या पावसाळ्यात धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. रबरबँड मात्र लावू नका, त्याचाही डाग पडतो.