धातूचा भाव व नाण्याचे मोल
(इयत्ता सातवीच्या अंकगणित व इतिहास या विषयांस पूरक पाठ)

हेतू. खेड्यातील अनेक घरांत आजीच्या गाठोड्यात चांदीचे जुने कलदार रुपये असतात. चांदी महागली की ते बाजारात येतात. सराफ तोलून पैसे देतो. परंतु आपण काय विकले, हे विकणाऱ्यास पुष्कळदा ठाऊक नसते. धातूची किंमत व नाण्याची किंमत यांतील भेद मुलांना समजावा, हा या पाठाचा हेतू आहे.

धातूची किंमत. 1835 च्या कायद्याने रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा 11.66 ग्रॅम, ठरले. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम, असे. 1940 पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले व 1947 चा रुपया निकेलचा निघाला. म्हणून प्रथम नाण्यावरील साल वाचावे.

चांदीचा भाव किलोस एक लाख रुपये धरल्यास जुन्या पूर्ण कसाच्या रुपयात 1,069 रुपयांची चांदी होते. दोन लाख धरल्यास 2,138 रुपयांची. 1940 नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयात हेच आकडे 583 व 1,166 येतात. 2025 च्या आरंभी एका लाखाच्या आत असलेला हा भाव त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन लाखांपलीकडे गेला, हे ध्यानी घेतल्यास हे गणित केवळ पुस्तकी नाही हे कळेल.

व्यापाऱ्याची अडचण. भाव चढला की नाण्यांचा व्यापारी श्रीमंत होतो, असा समज आहे. तो तपासून पाहू. एका व्यापाऱ्याने 100 रुपये दर नगास 1,000 प्रमाणे घेतले व 2,000 प्रमाणे विकले. वहीत एक लाखाचा नफा दिसतो. परंतु दुकान चालू ठेवण्यासाठी तेवढीच नाणी आता 1,950 प्रमाणे घ्यावी लागली, तर 1,95,000 पुन्हा मालात गुंतले व हाती उरले केवळ 5,000. त्यानंतर भाव 1,700 वर उतरला, तर 25,000 ची खोट येते. ही भीती निराधार नाही. जानेवारी 1980 मध्ये औंसास 50 डॉलरांच्या जवळ गेलेली चांदी मार्चअखेर 11 डॉलरांच्या आसपास आली होती. म्हणूनच तेजीत सावध व्यापारी खरेदी व विक्री यांच्या दरांत अधिक अंतर ठेवतो.

इतिहासाची हानी. संग्राहक एखाद्या सामान्य रुपयास 1,500 देत असेल आणि त्यातील चांदीच 2,138 ची झाली, तर ते नाणे मुशीत जाते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टाकसाळीची खूण म्हणून बारीक टिंब असे. वितळल्यावर साल, टिंब, टाकसाळ सारेच नाहीसे होते. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा सरकारने 1917 मध्ये नाणी वितळविण्यास मनाई केली व त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली.

याउलट सातवाहनांची पुष्कळशी नाणी शिशाची आहेत. चांदीच्या तेजीमंदीशी त्यांचा संबंध नाही. त्यांचे मोल इतिहासाने ठरते. शिवकालीन सोन्याचा होन दुर्मिळ आहे. त्याची किंमत त्यातील सोन्याच्या कितीतरी पट असते.

मुलांना द्यावयाची शिकवण. नाणे विकण्यापूर्वी साल, वजन व कस पाहावा. त्या दिवसाचा भाव विचारावा. दोन-तीन ठिकाणी दाखवावे. चिंच किंवा राख लावून ते घासू नये. घासलेल्या नाण्यास संग्राहक कमी किंमत देतो. शेतात पुरलेली नाणी सापडल्यास ती वाटून घेऊ नयेत. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.

स्वाध्याय
1. चांदीचा भाव किलोस 1,50,000 असता 1918 च्या एका रुपयातील चांदीची किंमत काढा.
2. त्याच भावाने 1944 च्या रुपयातील चांदीची किंमत काढा. दोहोंत फरक का पडतो?
3. वरील उदाहरणात व्यापाऱ्याचा खरा नफा किती, ते सकारण सांगा.
4. घरी जुने नाणे असल्यास वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने त्याचे साल, वजन व चित्र वहीत नोंदवा. नाणे उद्या विकले गेले, तरी नोंद घरी राहील.