रेणूची रचना आणि विषाचा अदमास

प्रत्येक नव्या सेंद्रिय रसायनाची प्राण्यांवर सविस्तर चाचणी घेणे हे वेळ, खर्च आणि जीवदया या तिन्ही दृष्टींनी दुष्कर होय. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार नवे रसायन तयार करण्यापूर्वी ९० दिवस अगोदर सूचना द्यावी लागते; परंतु तिच्यासोबत विषारीपणाच्या चाचण्यांचे निष्कर्ष बहुधा नसतात. अशा वेळी रेणूच्या रचनेवरूनच अदमास बांधला जातो.

या शास्त्राचे मूळ जुने आहे. हान्स मेयर यांनी १८९९ मध्ये व अर्नेस्ट ओव्हरटन यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, जो पदार्थ पाण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात अधिक विरघळतो, तो बेडकाच्या पिलांना अल्प मात्रेतही गुंगी आणतो. पिलांची निवड चमत्कारिक वाटेल. पण पोहणे थांबले की गुंगी आली, हे नुसत्या डोळ्यांना दिसते. पुढे १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील कॉर्विन हान्श व जपानचे तोशिओ फुजिता यांनी तेलाऐवजी ऑक्टॅनॉल योजून, रेणूतील अणुगटांवरून पदार्थाची ही ओढ गणिताने काढण्याची रीत घालून दिली. साध्या अल्कोहोलांच्या मालिकेत एकेक कार्बन वाढला की ही ओढ वाढते आणि माशांना मारक ठरणारी मात्रा घटते.

याच हिशेबाने एका कार्बनचे मिथेनॉल दोन कार्बनांच्या इथेनॉलहून सौम्य ठरावयास हवे. माशांच्या बाबतीत ते तसे ठरतेही. माणसाच्या बाबतीत मात्र हा हिशेब सपशेल चुकतो. यकृतात मिथेनॉलचे प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल शरीरातून सावकाश जाते. रक्ताची आम्लता वाढते, डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा होऊन अंधत्व येते आणि पुष्कळदा मृत्यू ओढवतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभरांवर बळी घेतले.

पादत्राणांच्या गोंदात वापरल्या गेलेल्या सरळ साखळीच्या हेक्झेनचीही तीच कथा. पाच कार्बनांचे पेंटेन व सात कार्बनांचे हेप्टेन हे त्याचे सख्खे शेजारी. तथापि कारागिरांचे हातपाय बधिर केले ते हेक्झेनने, कारण शरीरात त्यापासून बनणारे द्रव्य मज्जातंतूंतील प्रथिनांना चिकटते. म्हणूनच आता केवळ मूळ रेणू न पाहता त्याचे शरीरात काय होईल हेही तपासले जाते, आणि चाचणी झालेल्या सदृश पदार्थांशी त्याची तुलना केली जाते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके तर मज्जासंस्थेतील एक विकर अडवून मारतात. तेथे अल्कोहोलांवरून बेतलेले सूत्र लावता येत नाही.